लंकाबाईचा हेल

खर्ड्यात कुणी मेलं की आधी निरोप लंकाबाईला जायचा आणि मग पाहुण्यारावळ्यांना. लंकाबाई गर्जे कुणाकडून काही घेऊन रडणारी बाई नव्हती. मयताचं घर नजरेच्या टप्प्यात आलं की ती पदर तोंडाला लावायची आणि तिथूनच हेल काढत यायची. हेल म्हणजे बायामाणसं मयतीवर सूर लावून, शब्द जुळवत रडतात ते. तो सगळ्याच काढतात, पण बहुतेकींचं रडं 'माझी माय गं, कशी गेलीस गं' याच्या पुढे सरकत नाही. लंकाबाईचं सरकायचं. ती मेलेल्या माणसाच्या डोक्यापासून सुरुवात करायची आणि पायापर्यंत यायची. डोईनं उसाच्या मोळ्या कशा वाहिल्या, खांद्यावर कोणकोणती लेकरं बसली, कंबर कुठल्या फडात वाकली ती परत सरळ झालीच नाही, गुडघे कसे झिजले, असं एकेका अवयवाचं नाव घेऊन ती हाक मारायची, सूर लांबवायची आणि श्वासाला थांबायची. त्या थांब्यात बाकीच्या बाया 'गं' म्हणायच्या. ज्याला जिवंतपणी कुणी हिंग लावून विचारलं नाही, त्याच्याही गुडघ्याचं नाव निदान मेल्यावर एकदा घेतलं जायचं.

तिची लेक सत्यशीला नगरात जपानी भाषा शिकवते. गोष्ट तिचीच आहे.

ऊसतोड्याची पोर जपानीपर्यंत कशी पोचली, हे लोक तिला अजून विचारतात आणि विचारताना डोळे असे मोठे करतात, की जणू तिने ती भाषा कुठून तरी उचलून आणली आहे. अर्धं वर्ष खर्ड्याची शाळा आणि अर्धं वर्ष देवळाली प्रवऱ्याकडच्या फडात उसाचं वाळलं पाचट वेचणं, असं तिचं शिक्षण झालं. लग्न होऊन ती सुप्याला गेली. नवऱ्याने तिथेच दुसरं बिऱ्हाड केलं. त्याचं नाव इथे घालून त्याचा मान वाढवायचा नाही. मग ती सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत पॅकिंगला लागली. साहेब जपानी होते आणि कामगारांसाठी संध्याकाळी त्यांच्या भाषेचा वर्ग चालायचा. बाकीचे चहा मिळतो म्हणून बसायचे. सत्यशीला बसली आणि तिथेच रमली.

कारण पहिल्याच दिवशी कळलं, की जपानी माणूस 'हो' म्हणायच्या जागी 'हाय' म्हणतो. शाळेत 'हाय नव्हे, आहे म्हण' म्हणून तिने ज्या शब्दासाठी हातावर छड्या खाल्ल्या होत्या, तोच शब्द इथे साहेबासमोर मान लववून म्हणायचा होता. प्रश्न विचारायचा असेल तर वाक्याच्या शेवटी 'का' लावायचं, तेही आपल्यासारखंच. क्रियापदही आपल्यासारखंच शेवटी. ऑफिसातल्या, पुण्याच्या इंग्रजी शिकलेल्या पोरींना वाक्य उलटं करून घ्यावं लागायचं, हिला सुलटंच सापडायचं. ती एकेक परीक्षा पास होत गेली आणि एक दिवस कंपनी सोडून नगरला सावेडीतल्या एका क्लासमध्ये शिकवायला लागली. क्लासच्या पाटीवर अहिल्यानगर आहे, तोंडात सगळ्यांच्या नगरच आहे.

क्लास अमृत सरांचा. पाथर्डी, शेवगाव, जामखेड, नेवासा अशा ठिकठिकाणच्या पोरी तिथे यायच्या. नर्सिंगचा छोटा कोर्स करायचा, जपानी शिकायची, मोबाईलवर मुलाखत द्यायची आणि निवड झाली की तिकडच्या म्हाताऱ्यांची सेवा करायला जपानला जायचं. निवड नाही झाली तर लग्न ठरलेलंच असायचं, आणि लग्न म्हणजे नवऱ्याबरोबर कोयता. ऊसतोडीला जोडी लागते. त्यामुळे या पोरींची घोकंपट्टी गंमत म्हणून नव्हती.

पण शब्द टिकत नसत. आज घोकलेले उद्या गायब. सरांनी मोबाईलवरची लहान मुलांची गाणी आणली. त्यात एक कार्टूनचं अस्वल डोक्याला, खांद्याला, गुडघ्याला हात लावत उड्या मारायचं. वर्गातल्या घोड्याएवढ्या पोरींनी पण तसंच करायचं. सोनईची सृष्टी जागची उठलीच नाही.

"मॅडम, आमाला काय बालवाडीत घातलंय व्हय?" ती म्हणाली.

मग सत्यशीलेने सिनेमातल्या चाली घेऊन बघितल्या. तेही जमेना. चाल सुरू झाली, की तिचे मूळचे शब्दच तोंडात यायचे. जुना भाडेकरू घर सोडायला तयार नसतो, तसे ते हलायचे नाहीत. आणि एका दुपारी, शरीराच्या अवयवांचा धडा कितव्यांदा तरी घेताना, पोरी पुन्हा डोक्याच्या शब्दावरच अडल्या तेव्हा सत्यशीलेच्या तोंडून नकळत सूर निघाला.

"आतामाऽऽ..."

आतामा म्हणजे डोकं. ती श्वासाला थांबली आणि सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला, "गंऽऽ."

कुणी शिकवलं नव्हतं. प्रत्येकीने कुठल्या ना कुठल्या ओट्यावर आईच्या मांडीवर बसून ते ऐकलेलं होतं. सत्यशीला पुढे गेली. काता, खांदा. सेनाका, पाठ. कोशी, कंबर. हिझा, गुडघा. डोक्यापासून पायापर्यंत, आईच्याच वाटेने. हेलाला स्वतःचे कायमचे शब्द नसतात. प्रत्येक मयतीला ते नव्याने जुळवायचे असतात, म्हणून त्या सुरात जागा रिकामी होती. जपानी शब्द तिथे येऊन बसले. वर 'हिझा गा इताई' म्हणजे 'गुडघा दुखतो', त्यामुळे 'गं' जरा ओढला की 'गा' होऊन व्याकरणही आपोआप बसायचं. आठवडा संपायच्या आत अख्ख्या वर्गाला सगळं अंग पाठ झालं. मुलाखतीत तिकडच्या बाईने विचारलं तेव्हा सृष्टीने डोळे मिटले, ओठातल्या ओठात हेल काढला आणि एकही शब्द न चुकता उत्तरं दिली. तिची निवड झाली. सरांनी पेढे वाटले.

हे चुकतंय, हे सत्यशीलेला माहीत नव्हतं असं नाही. मयत नसताना घरात हेल काढायचा नसतो. भातुकलीत बाहुली मेली म्हणून तिने लहानपणी एकदा काढला होता, तेव्हा लंकाबाईने तिच्या थोबाडीत अशी दिली होती की दोन दिवस गाल सुजला होता. पण सत्यशीलेने मनाला सांगितलं, की क्लास म्हणजे काही घर नाही. स्वतःची समजूत घालायला माणसाला फार मोठा वकील लागत नाही.

ही गोष्ट लंकाबाईला कळली ती अशी.

दिवाळीच्या सुट्टीत क्लासमधली आरती खर्ड्याला आपल्या घरी आली. तिची आजी भीमाबाई महिनाभर अंथरुणाला खिळली होती आणि गावाने तिची आशा सोडलेली होती. आरती मागच्या अंगणात भांडी घासत होती आणि घासता घासता तिने धडा म्हणायला घेतला. हात कामात, आवाज मोकळा. पलीकडच्या आळीत लंकाबाई तुरी निवडत बसली होती. तिच्या कानावर सूर पडला आणि तिने सूप तिथेच टाकलं. भीमाबाई गेली! लहानपणाची मैत्रीण, आणि आपल्याला निरोपसुद्धा नाही!

लंकाबाई तशीच डोईवरचा पदर न सावरता दुखऱ्या गुडघ्यांनिशी धावत निघाली आणि रस्त्यातूनच तिने हेल लावला. तो ऐकून आजूबाजूच्या बाया हातातलं टाकून तिच्या मागे निघाल्या. लंकाबाई भीमाबाईच्या घरात शिरली, वसरीतल्या बाजेवर पडली आणि तिने भीमाबाईच्या कपाळावर हात ठेवला.

"भीमे, माझ्या सयेऽऽ, तुझ्या डोईनं गंऽऽ..."

डोई हलली.

"कुनाची डोई?" भीमाबाई बाजेवर उठून बसली. "लंके, माझी डोई आजून मानंवर हाय! बघ नीट!"

भीमाबाई महिन्यात पहिल्यांदा उठून बसली होती. दारातल्या बाया आधी दचकल्या आणि मग एकीला हसू फुटलं, तसं सगळ्यांना फुटलं. आरती राखेचे हात घेऊन आतून पळत आली.

"आजी, मयत न्हाई गं, माझा धडा हाय त्यो. जपानी. सत्यशीला मॅडमनी शिकिवलाय आमाला."

गाव आठ दिवस हसलं. भीमाबाईवरून लिंबू उतरवून टाकलं, आणि ती पुढे काठी टेकत हिंडायलाही लागली. हसली नाही ती एकटी लंकाबाई.

भाऊबिजेला सत्यशीला घरी आली. भाऊ वाल्मिक आणि त्याची बायको कारखान्यावर निघायच्या गडबडीत होते. ओवाळणं झालं, जेवणं झाली, वाल्मिक ट्रॅक्टर बघायला गेला. लंकाबाई लेकीसमोर गुडघे पसरून बसली. गुडघे सुजलेले होते, मांडी तिला कधीचीच घालता येत नव्हती.

"त्यो सूर तुला कुनी दिला?"

"कुनी म्हंजी? तुजाच हाय की आये."

"म्या न्हाई दिला. मला माझ्या सासूनं मरताना सांगितलं हुतं, लंके, माझ्या मातीला तू काढ. तवा म्या पैल्यांदा त्वांड उघडलं. सूर मयतीवर घ्यायचा आसतो, शीले. तू जित्यापनीच उचलून नेला."

"पोरी पास हुत्यात आये. एकेक पोरगी कोयत्यावरनं सुटतीया. त्यात काय पाप हाय?"

"सुटू दे की. म्या कुटं त्यांचा पाय धरलाय? दुसरं गानं लाव."

"दुसरं बसत न्हाई."

लंकाबाईने गुडघ्यांवरून हात फिरवला. मग तिने आवाज खाली घेतला. आयुष्यात तिने कुणाकडे काही मागितलं असेल तर ते हेच.

"म्या आख्ख्या गावाला रडले. माझ्या टायमाला कोन हाय? वाल्याची बायकू तोंडाची मुकी. छबू रडती, पर तिच्या रडन्यात टोमणंच लई. तूच हायेस मला. डोईपासनं पायापतूर मला नीट लावून दे. धाव्याला जेवान न्हाई घातलं तरी चालंल."

छबू म्हणजे छबूबाई, लंकाबाईची धाकटी जाऊ. तिच्या टोमण्यांची सत्यशीलेलाही चांगलीच माहिती होती. तिला हसू आलं.

"काढीन की. आपल्या आईचा हेल मला यायचा न्हाई व्हय?"

"न्हाई यायचा," लंकाबाई म्हणाली. "एका गाडग्यात दोन कालवनं शिजत न्हाईत."

सत्यशीलेने आईच्या गुडघ्यावर हात ठेवून कबूल केलं, की ही बॅच मुलाखतीला बसली, की सूर बंद. तिने ते मनापासून कबूल केलं होतं. पण ती बॅच गेली, दुसरी आली. दुसऱ्या बॅचमध्ये एक पोरगी अशी होती, की तिची सोयरीक जुळून बसलेली, निवड झाली तरच मोडणार. तिच्यासाठी म्हणून सूर चालू ठेवला. तिसऱ्या बॅचला असं कारणही लागलं नाही. तोवर सरांनी पाटीवर 'गाण्यातून जपानी' असं रंगवून घेतलं होतं आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ तिन्ही वर्गांना सत्यशीला डोक्यापासून पायापर्यंत हेल काढत होती.

इथे तिचा राग येतो. दिवसभर ती पोरींना शिकवायची, की म्हाताऱ्या माणसाजवळ जाताना आधी खाली बसावं, डोळ्याला डोळा द्यावा आणि अदबीने विचारावं, हिझा गा इताई देस का? गुडघा दुखतो का? आणि खर्ड्याहून आईचा फोन आला, 'गुडघं लई ठनकत्यात गं' म्हणाली, की हीच बाई म्हणायची, "तेल लाव आये, माझा तास हाय." परक्यांच्या म्हाताऱ्यांसाठी तिच्याकडे एवढी गोड भाषा होती आणि सख्ख्या आईसाठी तेलाची बाटली. पण असं वागणारी ती जगात पहिली नाही आणि शेवटची नाही, म्हणून हा राग फार वेळ धरताही येत नाही.

लंकाबाई ऐन ऊसतोडीच्या हंगामात गेली. सकाळी चूल पेटवायला बसली आणि तिथेच कलंडली. छबूबाईचा फोन आला तेव्हा सत्यशीला वर्गात होती. वाल्मिक देवळाली प्रवऱ्याकडे फडात, त्याला यायला दुपार होणार होती. सर म्हणाले, "तुम्ही निघा मॅडम, मी पोरींना घेऊन मागून येतो."

एसटीत सत्यशीला खिडकीशी बसली आणि तिने मनातल्या मनात आईचा हेल बांधायला घेतला. डोई, तिच्यावर मोळ्यांनी पडलेलं घट्ट्याचं गोल. खांदा, ज्यावर बसून ती स्वतः फडातून कोपीवर, त्यांच्या पाचटाच्या खोपटावर, परत आलेली. कंबर. गुडघे. तिला सगळं आठवत होतं. आईला सगळं लावून द्यायचं, एकही जागा सोडायची नाही, असं ती परीक्षेला निघालेल्या पोरीसारखं स्वतःला बजावत होती. आयुष्यात आता दुसरं काही तिला नको होतं.

वसरीत मयत ठेवली होती. गावातल्या सगळ्या बाया आलेल्या होत्या आणि सगळ्या गप्प होत्या. एरवी पहिला सूर लंकाबाईचा असायचा, त्यामुळे सुरुवात कुणी करायची हेच कुणाला कळेना. भीमाबाईसुद्धा काठी टेकत येऊन भिंतीला बसली होती. सत्यशीलेच्या मागोमाग जीपमधून क्लासच्या पोरी उतरल्या आणि डोईवर ओढण्या घेऊन बायांच्या पाठीमागे बसल्या. सर बाहेर गड्यांमध्ये उभे राहिले.

छबूबाईने सत्यशीलेला जागा करून दिली.

"काढ शीले. म्हातारी तुझ्यासाटनं थांबलीया."

सत्यशीला आईच्या उशाशी बसली. तिने आईच्या डोक्यावर हात ठेवला, घट्टा हाताला लागला. तिने तोंड उघडलं आणि सूर लावला. सूर बरोबर लागला, अगदी लंकाबाईचा. बाया सावरून बसल्या.

"आतामाऽऽ..."

ती श्वासाला थांबली. आणि मागून, सवयीने, खणखणीत आवाजात, सगळ्या पोरी म्हणाल्या, "आतामा गंऽऽ."

बायांनी वळून मागे बघितलं. पोरींच्या लक्षात आलं आणि त्यांनी ओढण्या तोंडात कोंबल्या. सत्यशीलेने मान हलवली, डोळे मिटले आणि परत सूर धरला. डोई, डोई, डोई. शब्द तिला ठाऊक होता, तो तिच्या जिभेच्या मागे उभा होता. पण सूर सुरू झाला की पुढे येत होता तो दुसराच. ती खांद्यावर गेली तर काता आला. कमरेवर गेली तर कोशी आली. शेवटी तिने सूर सोडून दिला आणि नुसतंच म्हणाली, "डोई." हजेरी घ्यावी तसा कोरडा शब्द पडला. मागे कुणीतरी एक फिस्सकन हसलं आणि पदरात दाबलं. पण मयतीतलं हसू कितीही दाबलं तरी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातं.

मग छबूबाईने हेल घेतला. लंकाबाई म्हणायची ते खोटं नव्हतं, तिच्या रडण्यात टोमणेच जास्त.

"लंकाबाई माझ्या जावंऽऽ, गावाला तू रडलीस गंऽऽ,
लेकीनं तुझी डोई परमुलखी धाडली गंऽऽ,
तुझ्या उशाला बसून कुन्या सटवीला रडती गंऽऽ..."

हेलातल्या टोमण्याला उत्तर हेलातच द्यायचं असतं, साध्या बोलण्यात नाही. ही रीत आहे. मयतीवर सासूला सून, नणंदेला भावजय वर्षानुवर्षांचं उत्तर असंच देत आली आहे, आणि कुणी मधे पडत नाही. लंकाबाई असती, तर तिने छबूबाईला दोन ओळींत गप्प केलं असतं. सगळ्या बायांनी सत्यशीलेकडे बघितलं. तिच्याकडे आईचा सूर होता आणि त्यात घालायला आपल्या भाषेतला एक शब्द नव्हता. डोळेही कोरडे होते. उपऱ्यासारखी ती आईच्या उशाशी बसून राहिली. छबूबाईने पायापर्यंत सगळं उरकलं, गुडघे मात्र विसरली. तेवढ्यात वाल्मिक अंगावरच्या पाचटासकट येऊन पोचला आणि मयत उचलली. गावाच्या गुडघ्यांना रडलेली बाई स्वतःच्या गुडघ्यांचं नाव न ऐकता गेली.

माती झाल्यावर सर सत्यशीलेजवळ आले. त्यांना काहीतरी चांगलं बोलायचं होतं.

"मॅडम, मनाला लावून घेऊ नका. पण एक बघा, पोरींचं किती पक्कं झालंय. कुठेही विचारा, येणारच."

सत्यशीलेने मान डोलावली. त्या माणसावर चिडायलासुद्धा तिच्यात जोर उरला नव्हता. आणि तो माणूस काही वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं.

दहावा करून ती नगरला परत आली. क्लास सोडावा असं रोज मनात यायचं. पण जायचं कुठे? सुप्याला पॅकिंगला, की भावाच्या दारात? तिने सरांना सांगितलं, की मी शिकवीन, पण गाणं घेणार नाही. सर बरं म्हणाले. नवी बॅच आली होती. सत्यशीलेने पुठ्ठ्यावर चित्रं काढली, भिंतीवर टांगली, घोकून घेतलं. पोरी घोकायच्या आणि विसरायच्या. कुणी गुडघ्याला कंबर म्हणायची, कुणी डोक्याला पोट. मुलाखतीची तारीख आली तसे सर एकदा दारात येऊन उभे राहिले. ते रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "मॅडम, या पोरींनी काय केलंय?"

खरंच होतं ते. पोरींनी काहीच केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सत्यशीलेने भिंतीवरची चित्रं उतरवली. पोरी मांडी घालून समोर बसल्या होत्या. खर्ड्यात काय झालं, ते त्यांच्यातल्या एकीलाही माहीत नव्हतं. तिने सूर लावला.

"आतामाऽऽ..."

"गंऽऽ," पोरी म्हणाल्या.

आणि तिला आईचं डोकं दिसलं. पांढरे विरळ केस आणि मोळ्यांच्या घट्ट्याचं ते गोल. काता म्हणताना तो खांदा आला, उन्हाने काळा पडलेला, ज्याला घामाचा आणि उसाचा वास यायचा. पाठ आली, कंबर आली. वसरीत जे काही तिच्याकडून निघालं नव्हतं ते सगळं आता एकामागून एक येत होतं, परक्या नावांनी, परक्या पोरींसमोर, सावेडीत दुसऱ्या मजल्यावर. आता येऊन काय उपयोग होता? ती थांबू शकली नाही. छबूबाईने विसरलेली जागा आली तेव्हा शब्द मधेच तुटला.

"हि..." हुंदका आला. "...झाऽऽ..."

पोरी मन लावून ऐकत होत्या. मॅडम म्हणतील ते जसंच्या तसं म्हणायचं असतं. सगळ्या पोरींनी शब्द मधेच तोडला, सगळ्यांनी मिळून घशातून तसाच हुंदका काढला आणि मग शब्द पुरा केला.

"हि... झा गंऽऽ."

आवाज छान लागला होता. दारातून जाताना सरांनी आत डोकावून मान हलवली. सत्यशीलेने पदराने तोंड पुसलं. पोरींनी आपापसांत तो शब्द पुन्हा म्हणून बघितला, हुंदका नेमका कुठे घ्यायचा ते एकमेकींना दाखवलं. थोड्या महिन्यांत यांच्यातली एखादी जपानमध्ये कुठल्या तरी म्हातारीसमोर खाली बसेल, डोळ्याला डोळा देईल आणि तिच्या गुडघ्याचं असंच, हुंदक्यासकट विचारेल.

चुकीचा उच्चार तिथल्या तिथे दुरुस्त करायचा असतो, नाहीतर तो जन्मभर तसाच राहतो. हे सत्यशीलेइतकं कुणाला कळत होतं? तिने खडू उचलला, तसाच खाली ठेवला आणि पुढचा शब्द घेतला.